माळाईच्या मुकुटाचं सोनं

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

नंदे,

तू फोन उचलत न्हाईस, म्हनून हा कागद. मेंढरांपायी तिसरीत शाळा सुटली, तरी माझं अक्षर तुझ्या बापापरास बरं हाय. वाचाय त्रास झाला तर होऊ दे.

मायाच्या दारात तू मला काय बोललीस त्ये मी इसरले न्हाई. तिचा नवरा तानाजी सोप्यात बसल्याला, नाकात नळी, बाजूला हवेचं यंत्र घरघरतंय. चौदा वर्सं त्यानं तुझ्या बापाच्या दुकानात, कोईमतूरला, सोनं आटवायची, शुद्ध करायची गलाई केली. तेजाबाचा धूर गिळला. आता बारा पावलं चालला की भिताड धरतो. ह्ये मला ठावं न्हाई व्हय? माया माझ्या सख्ख्या भावाची लेक. रोज सांजचं मी तिच्या दारात बसती. तू वर्सातनं दोनदा पुन्यास्नं येतीस आन मला शिकवतीस.

त्येच्या तोंडावर म्हनलीस, "आजी, देवीच्या डोक्यावर तू यांची छाती ठेवणार आहेस."

अगं, बोलायची काय रीत? बारा वर्सांनी माळाईचा मुकुट मोडतात. घरटी कायतरी मोडीचं सोनं पडतं, कुनाची तुटकी बुगडी, कुनाची झिजल्याली अंगठी. समदं एक करून गावातल्या एका गलाईवाल्याकडं जातं, त्यो शुद्ध करतो, मग नवा मुकुट घडतो. गावातली तीस घरं गलाईवाली, मद्रासपास्नं कलकत्त्यापातूर दुकानं. मान आपल्या घराला आला तो तुझ्या आज्याच्या पिढीत न्हाई, तुझ्या बापाच्या पिढीत. चैताच्या पुनवेला घरच्या लेकीनं ताटात मुकुट घेऊन पायऱ्या चढायच्या. आपल्या घरात लेक येकच, ती तू. आन तू म्हनतीस, मी येनार न्हाई, असल्या सोन्याला हात लावनार न्हाई.

मग मी तुला इचारती. भट्टी मी पेटवली व्हय? तेजाब मी वतलं व्हय? मी बोरमाळ घातली, येवढंच. बाजारातनं गूळ आनला तर ऊस कुनी तोडला, त्येच्या पायात काटा मोडला का, ह्ये इचारत बसले असते तर तुझ्या बापाला गोडाधोडाचं कवा खाया मिळालंच नसतं. घालनारीनं घालावं. करनाऱ्याचं पाप करनाऱ्यापाशी. आमी असंच शिकलो, आन जगलो बी.

सोनं गोळा झालंय. शिवरातीच्या आदी मला कोईमतूरला जायाचंय. रीत अशी की मानाच्या घरच्या म्हाताऱ्या बाईनं गाठोडं सोता न्यायाचं, भुईला टेकवायचं न्हाई आन शुद्ध होईस्तवर नजरंआड करायचं न्हाई. तीस वर्सं झाली दुकानाला, मी येकदा बी बगितलं न्हाई. फोटू हाय माझ्याकडं, तुझा बाप गल्ल्यावर बसल्याला, मागं लक्ष्मीची तसबीर, झेंडूचा हार. लय झाक दिसतं.

इचार बदलला तर कळव. न्हाई बदलला तर मानाला शेजारची पोर उभी करीन. गावात पोरींचा दुष्काळ न्हाई.

मनुबाई

गुरुवार, २० फेब्रुवारी, कोईमतूर

नंदे,

मागच्या कागदाला तुझं उत्तर न्हाई. नसू दे. आज मला कुनाशी तरी बोलल्याबिगर झोप यायची न्हाई, आन हितं घरात माझ्या भाषेतलं तुझ्या आईबापाबिगर कुनी न्हाई. त्या दोघांशी मी आज बोलत न्हाई.

मिरजेस्नं गाडीत बसले. गाठोडं पोटाशी. दीड दिस मी मांडीवरनं उतरवलं न्हाई, जेवले ती बी एका हातानं. समोरची बाई इचारती, "नातू हाय का काय पदराखाली?" म्हनलं, "गाव हाय."

दुकान लय बारकं. फोटूत मोठं दिसतं. तुझा बाप जयराज म्हनला, "आये, हितं म्होरं बस, च्या घे, आमी आत काम उरकतो." म्हनलं, "गाठोडं नजरंआड करायचं न्हाई." तो म्हनला, "आवं आये, आत धूर असतोय." म्हनलं, "चुलीम्होरं साठ वर्सं गेली माझी. धुराचं मला काय सांगतूस?"

तर मागं न्हानी येवढी खोली. लालासाहेब म्हनून मानूस हाय, आपल्या पलीकडच्या वाडीचा, चाळिशीचा, तानाजीच्या जाग्यावर आल्याला. त्यानं सोनं आटवायची मूस लाल केली, तिच्यात आपलं गाठोडं वतलं. नंदे, मी समदं वळखत हुते. सरपंचाच्या आईची नथ. पप्पूच्या मेल्याल्या बायकोचं डोरलं. दगडाबाईच्या कानातलं, तिनं कान फाटला तरी सोडलं न्हवतं. माझ्या सासूची पुतळी. आन तळाला जुना मुकुट, तुकडं तुकडं.

वर आगीचा झोत धरला. आदी नथीची कडी वाकली, झोप लागल्यावर मान कलंडती तशी. मग पुतळीवरची बाई पुसली. मग कोन कुनाचं त्ये ऱ्हायलंच न्हाई. लालासाहेबानं सवागीची, म्हंजे टाकनखाराची, चिमूट टाकली, वरची काजळी बाजूला सरली, आन आतनं त्ये हाललं. पोटात प्वार फिरतं तसं हाललं गं. मी तीन बाळंतपनं काढली, धा मेंढ्या रात रात जागून सोडवल्या, पर असं जितं कायबी बगितलं न्हवतं. माझं हात जोडलं गेलं. कुनाला जोडलं त्ये ठावं न्हाई. साडेतीनशे घरांच्या बायका येका वाटीत, आन त्यातली कुनी कुनाहून येगळी काढून दावील का कोन? सावकाराची न्हाई, शिवारातली न्हाई.

गार झाल्यावर गोळा झाला. काळपट. मी म्हनलं, "झालं?"

लालासाहेब हासला. दात बगितलं मी त्येचं. कडा झिजल्याल्या, मिठाचा खडा पान्यात ऱ्हायल्यासारखं. "झालं कुटलं, आत्या. ह्यात तांबं, डाग, समदी घान हाय. आता खरं काम. ह्यात चांदी घालायची, बारीक तुकडं करायचं, आन तेजाबात शिजवायचं. घान तेजाब खातं, सोनं खात न्हाई."

दुसऱ्याचं सोनं त्या येळंला शिजतच हुतं, काचंच्या भांड्यात. तांबूस धूर निघत हुता, इटकरीच्या रंगाचा. कोपऱ्यात येक पंखा, तो धूर खिडकीतनं भाईर ढकलतो म्हनं. निम्मा ढकलत हुता. निम्मा घराचाच हुता. लालासाहेबानं तोंडाला फडकं बांधलं, मोठा दम घेतला, आत शिरला, भांडं हालवलं, पळत भाईर आला, आन मग दम सोडला. पुन्यांदा दम घेतला, पुन्यांदा आत. दिसाकाठी कितीदा म्हनून इचारलं तर म्हनला, "मोजत न्हाई, आत्या. मोजलं की दम तुटतो."

येकदा वारं उलटं आलं. धूर माझ्या तोंडावर आला. नंदे, चुलीचा धूर डोळ्यांत जातो. ह्यो धूर आत हात घालतो.

मग त्या भांड्यातनं त्यानं सोनं काडून दावलं. सोनं न्हवंच. हुलग्याच्या पिठावानी तपकिरी गाळ. म्हनला, "ह्येच शंभर नंबरी." पुन्यांदा मुशीत घातला, झोत धरला, आन गाळाचं पिवळंधमक झालं. बगत ऱ्हायले. चमत्कार हाय, खोटं कशाला बोलू. मानूस असलं कायतरी करू शकतो ह्याचं मला अजून नवल वाटतंय.

आन लालासाहेबाची बोटं पिवळी. नखं पिवळी. हळद खेळल्यावानी.

ह्या बोटांचं मी तुला आजपातूर सांगितलं न्हाई. आपल्याकडं गलाईवरनं प्वार जत्रंला आलं की बायका आदी त्येची बोटं बगायच्या. पिवळी असली की म्हनायच्या, लक्ष्मी हाताला लागली ह्याच्या. ज्येची बोटं जास्ती पिवळी त्येला लवकर पोरगी. मायासाठी तीन स्थळं हुती. मी तिघांची बोटं बगितली आन तानाजी निवडला. माझा भाऊ म्हनला हुता, दुसरा पोरगा शिक्षक हाय. मी म्हनलं, "खडूच्या बोटांत काय ठेवलंय?"

आज लालासाहेबाला इचारलं, "ही हळद कसली रं?" तो म्हनला, "तेजाबाचा डाग हाय, आत्या. कातडं जळतं, पिवळं पडतं. धूत न्हाई, सालपटं निघून जाईस्तवर ऱ्हातं."

मी खाली बसले.

मग त्यानं आनि येक सांगितलं, सहज, फडकं सोडता सोडता. हितं सोनं वाया जाऊ देत न्हाईत. झाडल्याली धूळ ठेवतात. हात धुतल्यालं पानी ठेवतात. अंगातली कापडं जुनी झाली की जाळतात आन राखंतनं सोनं काडतात. तानाजी गावाकडं आला तवा त्येची समदी कापडं हितंच जाळली. त्येच्या कापडावर बसल्यालं कनभर बी सुटलं न्हाई. त्येच्या आत गेल्यालं कुनी इचारलं न्हाई.

मी उटले. गोळा उचलला, गाठोड्यात बांधला. जयराज म्हनला, "आये, काय करतीस? अजून तेजाबाला लावायचाय."

म्हनलं, "लावायचा न्हाई."

"खुळी का काय तू! जत्रंला दीड म्हयना हाय."

म्हनलं, "जया, धूर धुवायचं यंत्र असतं म्हनं. लालासाहेब सांगतोय, मोठ्या कारखान्यात असतं, धूर नळीतनं जातो, पान्यात धुतला जातो, मानूस काचंच्या भाईर उभा ऱ्हातो. तू का बशीवलं न्हाईस?"

तो म्हनला, "त्ये बशीवलं की मजुरी वाढवाय लागती. मजुरी वाढवली की सोनार शेजारच्या दुकानात जातो. सोनार म्हनतो, गिऱ्हाईक घडनावळीत घासाघीस करतं. तू करत न्हाईस व्हय घासाघीस? ती बोरमाळ घेताना इट्याच्या बाजारातल्या सराफाला तू रडवलं हुतंस, आये. मी हुतो संगं."

खरं हाय. रडवलं हुतं. गावभर सांगत हिंडले हुते.

येवढंच म्हनलं, "तुझा बाप मेंढरू कातरताना कातर लागून रगत निघालं तर काय करायचा?" तुझा आजा कातर खाली ठेवायचा, हळद लावायचा, मगच दुसरं मेंढरू धरायचा. येकाच दिसात चाळीस मेंढरं असली तरी.

"मेंढराचं येगळं, आये."

"व्हय. मेंढरू वरडतंय."

उद्याच्या गाडीनं निघती. गाठोडं मांडीवर.

मनुबाई

शनिवार, ८ मार्च

नंदे,

तुझं चार वळींचं कार्ड पोचलं. "आजी, तुला कळलं याचा आनंद आहे." आनंद तुझ्यापाशी ठेव. मी तुझ्या बाजूला आले न्हाई, मी माझ्याच जाग्यावर हाय, फकस्त आता मला दिसतंय.

तुला बी येक सांगती. तू सोनं घालत न्हाईस, बरं केलंस. पर लालासाहेब सांगत हुता, मोबाईलात बी सोनं असतं, जुनं मोबाईल जाळून त्ये काडतात, त्यो धूर आनि वाईट. तुझ्या कालेजाची फी बी त्याच न्हानीयेवढ्या खोलीतनं आली. अंगावरनं उतरवलं म्हंजे अंगातनं गेलं असं न्हाई, बाये. उतरवून तू पुन्याला गेलीस. तानाजी हितंच हाय.

आल्या आल्या मायाकडं गेले. तिला बोटांचं सांगितलं. तिची पाठ माझ्याकडं, भाकरी थापत हुती. थापायची थांबली न्हाई.

"आत्या, मला सोळा वर्सांमागंच कळलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय बोटं पांढरी झाली असती?"

मी कानातलं काडाय लागले. तिला वाटलं तिला देती का काय. ती वळली, हाताचं पीठ तसंच. "आत्या, ह्ये नाटक माझ्या घरात नगं. घाला त्ये कानात. तुमी काडलं म्हनून ह्यांचा दम वाढनार न्हाई. हवेचं यंत्र मी माझं गंठन मोडून आनलंय. सोन्यावर रागवायची मला ऐपत न्हाई."

सोप्यातनं तानाजी हासला. हासला की खोकतो, खोकला की लांबतं. दम आल्यावर म्हनला, "आत्या, मला... जाळल्यावर... राख चाळून घ्या. गुंजभर सोनं... निघंलच. मुकुटात... घाला."

माया म्हनली, "गप बसा, मुडदा बशिवला त्या बोलन्याचा!" आन दोघं बी हासली. मला हासू आलं न्हाई. मी म्हनलं, "तानाजी, माझ्यावर राग हाय का तुझा?"

तो म्हनला, "राग कराय... बी... दम लागतो."

नंदे, काल देवळात बैठक झाली. जत्रंचं ठरवाय समदं गलाईवालं फोनावर, गावातलं समोर. मी गोळा मधी ठेवला. म्हनलं, ह्यो शुद्ध झाला न्हाई. मी बगून आले. आमच्या घरचा मान मी सोडला.

तुझा बाप फोनातनंच "आये!" म्हनून वरडला, मग फोन बंद.

लगेच धा आवाज. "आमच्याकडं द्या, आज्जे." "मदुराईला द्या." "आमचं दुकान मोटं हाय." मान म्हनलं की कोन सोडतंय? मी म्हनलं, "द्यायाला माझी ना न्हाई. येकच इचारती. ज्याच्या दुकानात मानूस दम धरून आत जात न्हाई, त्यानं हात वर करावा. माळाईम्होरं, खरं."

नंदे, मी साठ वर्सं त्या देवळात जाती. असली शांतता मी ऐकली न्हवती. फोनातनं लांब लांब गावांच्या रस्त्यांचा आवाज येत हुता, हारन वाजत हुतं कुटंतरी. हात येक बी वर झाला न्हाई.

शेवटाला दादासो गुरव म्हनला, "मग आईच्या डोक्यावर काय?"

म्हनलं, "आईचं आई बगंल."

मनुबाई

रविवार, १३ एप्रिल

नंदे,

काल जत्रा झाली. तू आली न्हाईस. ताटबी न्हवतं, लेक न्हवती, मुकुट न्हवता. म्हनून सांगती, समदं सांगती, कारन बगितल्यालं कुनापाशी तरी ठेवाय पायजे.

तुझा बाप आलाय. लालासाहेब बी. तुझा बाप माझ्याशी आठ दिस बोलला न्हाई. जेवतो, ताट उचलतो. दुकान बंद करून आलाय. का बंद केलं, कवा उगडनार, न्हानीचं काय करनार, कायबी सांगत न्हाई. लालासाहेबाला मातर म्हनलाय म्हनं, मी सांगितल्याबिगर कोईमतूरला निगू नगंस. त्येचा अर्थ काय त्ये त्येचं त्येला ठावं. मी इचारलं न्हाई. इचारलं तर खोटं बोलंल.

पहाटं गुरवानं आईला न्हाऊ घातलं. मुकुट मोडल्याला, दुसरा न्हाई. उघड्या डोक्यानं माळाई. मी लगीन होऊन आले तवापास्नं तिला सोन्याखालीच बगत आले. खाली नुसता दगूड हाय गं, काळा, माळावरचाच, कपाळापाशी खड्डा पडल्याला. तिच्या पायापाशी आपला गोळा, काळपट, घानीसकट. बायका पाया पडताना त्येला बी हात लावीत हुत्या. दगडाबाई म्हनली, "ह्यात माझा कान हाय." पप्पू लय येळ हात ठेवून हुबा ऱ्हायला. कुनाला वाईट वाटलं नसंल असं न्हाई. तिघं चौघं मला शिव्या घालून गेली. येक म्हनला, "म्हातारीनं देवीला नागवली." म्हनलं, "तुझ्या दुकानाचा पत्ता देऊ का तिला?"

सांजच्या आरतीच्या आदी खाली गलका झाला. ढोल चालला हुता, पन्नास ढोल, भुई हादरत हुती. मग खालनं येकेक ढोल गप होत आला. वरचं वाजत ऱ्हायलं, मग त्ये बी गप. मी कठड्यावरनं वाकून बगितलं.

तानाजी पायऱ्या चढत हुता.

माया मागं, यंत्र तिच्या खांद्याला. चौऱ्याऐंशी पायऱ्या. येक पायरी चढायचा, थांबायचा. कुनी उचलाय गेलं तर हात वर करायचा, नगं म्हनून. समदं गलाईवालं दोन्ही अंगाला हुबं, कडक कापडं, गळ्यात साखळ्या, हातात मोबाईल. कुनी फोटू काडला न्हाई. ढोल थांबल्यानं त्येचा दम ऐकू याय लागला. पायरीच्या खालनं वर, समद्या डोंगराला. घशातनं शीळ घातल्यावानी, मधीच तुटायचा, आन तुटला की आमचा बी तुटायचा. इतकी वर्सं ह्या गावानं सोनं बगितलं. त्ये काय खातं ह्ये काल ऐकलं.

अर्धा तास लागला. वर आला, आईम्होरं बसला. तिच्या उघड्या डोक्याकडं बगितलं आन हासला. म्हनला, "आई... आज... वळखू आली न्हाईस."

गुरवानं निरांजन पेटवलं, इचारलं, "आरती कुनाच्या हातानं?" मानाचं घर न्हवतं. समदी येकमेकाकडं बगाय लागली. मागनं आवाज आला, "तानाजीच्या."

त्यो आवाज तुझ्या बापाचा हुता.

मायानं ताट धरलं, तानाजीनं हात लावला. म्हनायला सुरवात त्यानंच केली. येक वळ म्हनला आन दम संपला. आता ढोलाच्या ठेक्यात ती आरती आमी पळवतो, निम्म्या पोरांना शबूद बी यीत न्हाईत. काल समदी थांबली. दोन हजार मानसं, त्येनं दम घेईस्तवर थांबली. त्येनं घेतला, दुसरी वळ काडली, समद्यांनी ती धरली, आन पुन्यांदा थांबली. कुनी पुडं गेलं न्हाई. ल्हान पोरं सुदीक. येक वळ, मग दम. येक वळ, मग दम. निरांजनातलं तूप संपलं, गुरवानं पुन्यांदा घातलं. सगळं गाव त्या येका मानसाच्या छातीनं श्वास घेत हुतं, नंदे. आत घेतला की समदं आत, सोडला की समदं भाईर.

आरती चालली तवा तुझा बाप म्होरं येऊन माझ्याशेजारी हुबा हुता. त्यानं हात जोडलं न्हवतं. तानाजी थांबला की त्यो बी थांबायचा. त्येचा दम मी कान देऊन ऐकला.

मनुबाई